एलाजाराचे मरण आणि आचाराची साक्ष

धर्मासाठी देह ठेवणाऱ्या पुरुषांच्या कथा ऐकताना श्रोत्याचे चित्त बहुधा यातनांच्या वर्णनात गुंतते. त्या पुरुषाने मरण का पत्करिले, हा विचार मागे राहतो. यहुद्यांच्या इतिहासासंबंधी जो ‘मक्काबी’ ग्रंथ आहे, त्याच्या दुसऱ्या पुस्तकातील एलाजाराची कथा या दृष्टीने मननीय आहे. रोमन कॅथलिक पंथ हे पुस्तक बायबलात समाविष्ट मानतो.

इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास चौथा अंतियोख या ग्रीक वंशाच्या राजाने यहुद्यांचा धर्माचार बंद करण्याची आज्ञा केली. जेरुसलेमच्या मंदिरात परदेवतेची पूजा सुरू झाली. शब्बाथ पाळणे हा अपराध ठरला. नव्वद वर्षांच्या एलाजार शास्त्र्यास डुकराचे मांस खाण्याची बळजबरी झाली. ते त्यांच्या शास्त्रात निषिद्ध. त्याने ते थुंकून टाकले व आपण होऊन वधस्थानाकडे निघाला. तेव्हा जुन्या ओळखीच्या अधिकाऱ्यांनी त्यास एकीकडे नेऊन सुचविले की, शास्त्रास चालेल असे मांस त्याने स्वतः आणावे व राजाज्ञा पाळल्याचे केवळ दाखवावे.

येथे शंका अशी की, यात दोष कोणता? निषिद्ध पदार्थ पोटात जात नाही, मन ईश्वराच्या ठायी स्थिर आहे, आणि प्राणही वाचतो. एलाजाराच्या उत्तराचा आशय असा : या वयात असे सोंग केले तर तरुणांस वाटेल की वृद्धाने परधर्म स्वीकारला, आणि थोड्या उरलेल्या आयुष्यासाठी त्यांस आडमार्गास लावल्याचा कलंक येईल, मनुष्याच्या दंडातून सुटका झाली तरी ईश्वरापासून नाही. फटके सोशीत त्याने प्राण सोडला.

यावरून दिसते की, ज्येष्ठाचा आचार त्याच्या एकट्याचा नसतो; त्याकडे पाहून इतरांची श्रद्धा उभी राहते.

मग संकटकाळी काही झाकणे हेही सोंगच काय? महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून परक्यांच्या दृष्टीआड ठेविले. समाधान असे की, झाकणे आणि नाकारणे यांत भेद आहे. लिपीने अनधिकाऱ्यास अर्थ कळू दिला नाही. कोणास खोटा अर्थ सांगितला नाही. एलाजाराकडे मात्र चारचौघांत खोटी साक्ष मागितली होती.

तसेच मरण ओढवून घेणे हेही धैर्याचे लक्षण नव्हे. कोकणातील बेने इस्राएल समाजाची परंपरागत कथा अशी की, याच अंतियोखाच्या छळामुळे त्यांचे पूर्वज देश सोडून निघाले, अलिबागजवळ नवगावपाशी तारू फुटले, आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पुढे त्यांनी तेलाचा धंदा केला. परंतु शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पळून त्यांनी प्राण राखिले, पण आपला धर्म नाकारिला नाही.

एलाजारासारखा प्राणांतिक प्रसंग क्वचितच येतो. परंतु लोकांत मान राहावा, भिक्षेत वा व्यवहारात सोय व्हावी, म्हणून नियम मोडल्याचे किंवा न पाळलेला पाळल्याचे दाखविण्याचा मोह साधकास वारंवार होतो. त्या वेळी पाठीमागून पाहणाऱ्या तरुणाचे स्मरण ठेवणे, हीच या कथेची शिकवण होय.