२०५० साली या, वाचायला मिळेल

एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी जुनी पुस्तकं स्कॅन करण्याचं काम बघते. गेल्या वर्षी नांदेडहून एका मुलीचा फोन आला. ती बायकांच्या आत्मकथनांवर पीएचडी करतेय. तिला हवं असलेलं पुस्तक १९६२चं. दुसरी आवृत्ती निघालीच नाही. आमच्याकडे एकच प्रत, तीही हात लावला की तुकडे पडणारी. म्हणून स्कॅन करून ठेवलेली.

“मॅडम, पीडीएफ पाठवाल का?”

मी नाही म्हटलं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. या लेखिका १९८९ साली गेल्या, म्हणजे २०४९ संपेपर्यंत थांबायचं. जवळची कागदी प्रत जपण्यासाठी सार्वजनिक ग्रंथालयाने डिजिटल प्रत ठेवावी, एवढी मुभा २०१२च्या दुरुस्तीने दिली. ती प्रत सगळ्यांना वाटायची नाही. प्रकाशन बंद पडलंय. वारसांच्या जुन्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं. परवानगी मागावी तर कुणाकडे?

ती रात्रभर प्रवास करून आली. दोन दिवस आमच्या संगणकावर वाचून वहीत उतरवत बसली. फोन बाहेर ठेवायचा, असा आमचा नियम. तिच्या बोटांवरची शाई बघून माझ्या मनात आलं, हाताने उतरवलं तर अभ्यास आणि फोटो काढला तर चोरी, हे मी कुठून शिकले?

कायद्यातून नाही. संशोधनासाठी वाजवी वापर कायदा करू देतो. वाजवी म्हणजे किती पानं, हे मात्र तो सांगत नाही. आकडा नसला की आम्ही शून्य धरतो. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ साली दावा लावला होता. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने पानं मोजण्यापेक्षा ती शिकवण्यासाठी लागतात का, हे महत्त्वाचं मानलं. तो निकाल अभ्यासक्रमाच्या झेरॉक्सबद्दलचा, आमच्या पुस्तकाला जसाच्या तसा लागू नाही. पण त्यामुळे मला माझंच कळलं. मी जपत होते ते लेखिकेचे हक्क नव्हते, माझी खुर्ची होती.

म्हणजे सगळं फुकट वाटायचं का? माझा एक अनुवादक मित्र आहे. दोन वर्षं खपून त्याने पुस्तक केलं. पंधरवड्यात त्याची पीडीएफ टेलिग्रामवर फिरायला लागली, खाली ‘ज्ञान वाटल्याने वाढतं’ असं लिहून. पुस्तक दुकानात मिळत होतं. वाटलं गेलं ते मित्राच्या कष्टाचं मोल.

दोन्हीकडे कृती एकच, कॉपी. पण एका ठिकाणी जिवंत माणसाच्या ताटातलं जातं, तर दुसऱ्या ठिकाणी, कॉपी न केल्याने, मेलेल्या बाईचा आवाज जातो. फॉरवर्ड करण्याआधी तुम्ही आणि नाही म्हणण्याआधी मी, एवढं तरी विचारायला हवं: यात कुणाचं काय जातंय?

आता संशोधकाने कारण लिहून दिलं, तर लागणारं प्रकरण मी पाठवते आणि वहीत नोंद करून खाली माझी सही करते. वारसांचा शोधही सुरू आहे. उद्या त्या लेखिकेची नात येऊन “कुणाला विचारून दिलंत?” म्हणाली, तर मला तिच्यासमोर ती वही आणि परत आलेलं पत्र ठेवता आलं पाहिजे.