ज्यांना संघटना नाही त्यांचे काय?



विधिमंडळाचे अधिवेशन जवळ आले की सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांची धावपळ सुरू होते. निवेदने तयार होतात, आमदारांच्या भेटी घेतल्या जातात, मुंबईच्या आझाद मैदानावर किंवा नागपूरला मोर्चा ठरतो. आपल्या शिरूर-दौंड भागातील शिक्षक, परिचारिका, लिपिक यांत सामील असतात आणि त्यांपैकी काही रविवारी आपल्याबरोबर मिस्सेलाही येतात. त्यांच्या शेजारच्या बाकावर कांदा पिकवणारा शेतकरी, रांजणगाव एमआयडीसीतील कंत्राटी कामगार आणि निराधार विधवाही बसलेली असते. म्हणून एक प्रश्न आपण सर्वांनी मिळून विचारायला हवा. आपल्या हक्कासाठी सरकारवर दबाव आणणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का, आणि असेल तर कुठपर्यंत?

सर्वांना आठवणारे उदाहरण २०२३ चे आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्य सेवेत लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन मिळत नाही. जुन्या पद्धतीत शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम व त्यावर महागाई भत्ता हमखास मिळे. नव्या पद्धतीत पगारातून कपात होते, सरकार आपला वाटा घालते आणि पुढे किती मिळेल हे बाजारावर अवलंबून राहते. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत १४ मार्च २०२३ रोजी, अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असताना, राज्यभर संप सुरू झाला. त्याच दिवशी विधिमंडळात मेस्मा विधेयक मंजूर झाले. सातव्या दिवशी, २० मार्चला, मुख्यमंत्र्यांशी चर्चा होऊन संप मागे घेतला गेला. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एकत्रित निवृत्तिवेतन योजनेला मान्यता दिली. तिच्यात पंचवीस वर्षे सेवा करणाऱ्याला निम्म्या मूळ पगाराची हमी आहे. म्हणजे दबावाचा काही उपयोग झाला, हे मान्य करावे लागेल.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे स्पष्ट आहे. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगारांचा संघटना करण्याचा हक्क मान्य केला. त्यांच्याच स्मरणार्थ २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’मध्ये संपालाही न्याय्य साधन म्हटले, परंतु अटी घातल्या. संघटनेने केवळ आपल्या गटाच्या स्वार्थाचे हत्यार होऊ नये आणि समाजाच्या अत्यावश्यक सेवा कोणत्याही परिस्थितीत चालू राहिल्या पाहिजेत.

आता लोक काय म्हणतात ते पाहू. ‘यांना एवढा पगार, सुट्ट्या, वर पेन्शनही पाहिजे!’ हे वाक्य आपण चहाच्या टपरीवर ऐकतो. यात न्यायापेक्षा मत्सर अधिक आहे. माझ्या शेजाऱ्याला म्हातारपणी आधार मिळाल्याने माझा आधार काढून घेतला जात नाही. वृद्धपणी सन्मानाने जगता यावे ही मागणी रास्तच आहे. मला नाही म्हणून त्यालाही नको, हा युक्तिवाद गरिबाच्या कामाचा नाही.

मात्र दुसरा आक्षेप इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. सरकारी तिजोरी एकच आहे. संत थॉमस अक्वायनस व्यवहारातील न्याय आणि वाटपातील न्याय असा भेद करतात. मालक आणि नोकर यांच्यातील देणेघेणे हा पहिला न्याय. सर्वांच्या मालकीचे धन सर्वांत कसे वाटावे हा दुसरा. संघटना पहिल्या न्यायाची भाषा बोलते आणि ती खरीही असते. परंतु सरकार हा साधा मालक नाही. त्याच्या हातातला पैसा त्या निराधार विधवेचाही आहे.

त्याच मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात संजय गांधी निराधार योजनेचे मासिक अनुदान १,००० रुपयांवरून १,५०० रुपये करण्यात आले. ते मिळण्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे अशी अट होती. कारखान्यात राबलेल्या कामगाराच्या भविष्यनिर्वाह पेन्शनची किमान रक्कम २०१४ साली ठरली, तीही महिना १,००० रुपये. आणि दौंडच्या राज्य राखीव पोलीस दलातील जवान पाहा. तोही राज्याचाच सेवक, त्यालाही २००५ ची तीच तारीख लागू. पण १९६६ च्या कायद्यामुळे पोलिसांना अशी संघटना करण्यावर निर्बंध आहेत. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात शिक्षकांच्या मतदारसंघांतून येतात. निराधारांचा मतदारसंघ नाही.

दबावाची झळ कोणाला बसते, हेही पाहावे लागते. संपाच्या त्या आठवड्यात राज्याच्या अनेक भागांत अवकाळी पाऊस व गारपीट झाली. तलाठी, कृषी सहायक संपावर असल्याने पंचनामे खोळंबले. कांद्याचे भाव आधीच कोसळले होते. दबाव मंत्रालयावर होता, पण भिजलेल्या पिकाजवळ वाट पाहत शेतकरी उभा होता. संप न्याय्य असला तरी अशा वेळी पंचनाम्यापुरती माणसे मोकळी ठेवणे हे संघटनेचे कर्तव्य ठरते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात अशीच एक तक्रार आहे. रोजच्या वाटपात ग्रीक भाषिकांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. कुरकुर झाली, ती प्रेषितांपर्यंत गेली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. सात जणांना निवडून ते काम सोपवले. पण लक्षात घ्या, तक्रार करणाऱ्यांनी मागितले ते आपल्यातील सर्वांत दुबळ्यांसाठी.

म्हणून मला वाटते, संघटित माणसाचा हक्क कमी होत नाही, पण त्याच्यावर जबाबदारी वाढते. ज्याचा आवाज विधान भवनापर्यंत पोहोचतो त्याने आपल्याबरोबर दुसऱ्याचेही एक वाक्य न्यावे. आपल्यातील जे संघटनेत आहेत त्यांनी पुढच्या निवेदनात निराधार अनुदान आणि कंत्राटी कामगारांची पेन्शन या मागण्या घालण्याचा आग्रह धरावा. सभेत कोणी हसले तरी धरावा.

आणि तोवर एक काम आपण येथेच करू शकतो. सरकारी कागद कसा भरायचा, कोणता दाखला कोठे मिळतो, हे आपल्यातील कर्मचाऱ्यांना चांगले ठाऊक असते. मिस्सेनंतर अर्धा तास बसून त्यांनी एखाद्या आजीचा निराधार योजनेचा अर्ज भरून द्यावा. लूकच्या शुभवर्तमानातील विधवा न्यायाधीशाच्या दारी एकटीच खेटे घालत होती. आपल्या धर्मग्रामातील विधवेला तहसील कचेरीत एकटीने जावे लागू नये.

प्रभू तुम्हा सर्वांना न्यायाची तहान आणि शेजाऱ्याची आठवण देवो.

— तुमचे धर्मगुरू