आपला शत्रू कोण?



मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन जणांनी मला दोन प्रश्न विचारले. दोन्ही वेळा मी घाईत उत्तर दिले, आणि नंतर बरेच दिवस ती उत्तरे मलाच टोचत राहिली. म्हणून आज हा विषय.

पहिला प्रश्न आपल्याच धर्मग्रामातील एका तरुणाचा. तो सैन्यभरतीची तयारी करतो आहे. रोज पहाटे मैदानावर धावायला जातो. रविवारची मिस्सा संपल्यावर त्याने मला ग्रोटोपाशी गाठले. "फादर, प्रभू सांगतो दुसरा गाल पुढे कर. सैन्यात गेलो तर गोळी झाडावी लागेल. ते पाप होईल का?" मी म्हणालो, "नाही रे, देशसेवा आहे ती. खुशाल जा."

दुसरा प्रसंग प्रार्थनासभेनंतरचा. एक मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फादर, आमच्या घरावर सैतानाची लढाई चालली आहे. सगळं शेजारच्या घरातून येतंय. दारात उतरून टाकलेलं लिंबू सापडलं. तुम्ही त्यांच्याविरुद्ध प्रार्थना करा." मी "करतो, मावशी" म्हणालो आणि निघालो.

एकाचे युद्ध बंदुकीचे, दुसरीचे प्रार्थनेचे. पहिले ऐहिक, दुसरे आध्यात्मिक. पण नीट पाहिले तर दोघांचा प्रश्न एकच आहे: आपला शत्रू कोण?

आपल्या भागात हा प्रश्न पुस्तकातला नाही. सातारा तालुक्यातील अपशिंगे गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातील ४६ जवान कामी आले. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमध्ये कुपवाडा येथे शहीद झाले, आणि दोन वर्षांत त्यांच्या पत्नी स्वाती याही सैन्यात अधिकारी झाल्या. अशा मातीत राहून 'ख्रिस्ती माणसाने शस्त्र धरावे का' हा प्रश्न टाळता येत नाही.

पवित्र शास्त्र काय सांगते? जुना करार उघडला तर युद्धेच युद्धे. यहोशवाने यरीहो घेतले. शौलाला अमालेकी लोकांचा समूळ नाश करण्याची आज्ञा झाली. हे वाचताना मन दचकते, आणि दचकावेच. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने जुना करारच टाकून दिला; ख्रिस्तसभेने ते मान्य केले नाही. तिसऱ्या शतकातील ओरिजन यांनी यहोशवाची युद्धे म्हणजे आपल्या अंतःकरणातील पापाशी लढाई, असा अर्थ लावला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० साली सांगितले की असे कठीण उतारे गाळायचे नाहीत, ते ख्रिस्ताच्या प्रकाशात वाचायचे. देव आपल्या लोकांना हळूहळू शिकवीत होता. त्याच जुन्या करारात दाविदाला मंदिर बांधू दिले नाही, कारण त्याने फार रक्त सांडले होते. देवाने लढवय्या राजावर प्रेम केले, पण मंदिराची वीट त्याच्या हातून ठेवू दिली नाही.

नव्या करारात सैनिक योहानाकडे आले आणि 'आम्ही काय करावे' असे त्यांनी विचारले. योहानाने त्यांना नोकरी सोडायला सांगितली नाही. कोणाला लुबाडू नका, पगारात समाधान माना, एवढेच सांगितले. प्रभूने एका शताधिपतीच्या विश्वासाची वाखाणणी केली. पेत्राने कर्नेल्य या सेनाधिकाऱ्याच्या घराण्याला बाप्तिस्मा देवविला. म्हणजे सैनिक असणे हेच पाप, असे शास्त्र म्हणत नाही.

पण मग गेथसेमनीची रात्र येते. पेत्र तलवार उपसतो आणि महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, कान कापतो. प्रभू त्याला तलवार म्यानात घालायला लावतो आणि तो कान बरा करतो. हा प्रसंग आपण अनेकदा ऐकतो, पण त्याच्या आधीचा तास विसरतो. त्या तासात प्रभूची खरी लढाई चालू होती. गुडघ्यांवर, घामाघूम होऊन, पित्याच्या इच्छेशी स्वतःची इच्छा जुळवण्याची. त्याने पेत्राला जागे राहायला सांगितले होते. पेत्र झोपला. जी लढाई गुडघ्यांवर लढायची होती ती झोपेत गेली, म्हणून तलवार बाहेर आली. आणि तलवारीसमोर कोण आला? सैतान नव्हे, एक नोकर माणूस.

संत पौल इफिसकरांस पत्र लिहितो तेव्हा तो बेड्यांत आहे. रोममध्ये त्याच्यावर पहारेकरी शिपाई असे, हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे. तो रोमी शिपायाची सगळी साधनसामग्री मोजतो: कंबरपट्टा, उरस्त्राण, पायताण, ढाल, शिरस्त्राण, तलवार. आणि त्यांना सत्य, नीतिमत्त्व, शांतीची सुवार्ता, विश्वास, तारण आणि देवाचे वचन अशी नावे देतो. पण पहाऱ्यावरच्या शिपायाला तो शत्रू म्हणत नाही. आपले झगडणे रक्तमांसाच्या माणसांशी नाही, हे तो स्पष्ट करतो. ज्याला चेहरा आहे, आई आहे, तो आपला अंतिम शत्रू नव्हे.

मग ऐहिक युद्धाचे काय? संत ऑगस्टिन आणि संत थॉमस अक्वायनस यांनी ख्रिस्तसभेला कसोट्या दिल्या: योग्य सत्ता, न्याय्य कारण, शुद्ध हेतू. पुढे आणखी अटी स्पष्ट झाल्या: इतर सर्व उपाय थकलेले असावेत, आणि युद्धाने मूळ अन्यायाहून मोठा अनर्थ होऊ नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रामाणिक सैनिकाला लोकांच्या सुरक्षिततेचा सेवक म्हटले. विवेकापोटी शस्त्र नाकारणाऱ्यांनाही कायद्याने समजून घ्यावे, असेही सांगितले. आजच्या शस्त्रांचा संहार पाहून पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली लिहिले की अशा युद्धाचे समर्थन आता फार अवघड झाले आहे. दार आहे, पण अरुंद आहे.

यातली 'शुद्ध हेतू' ही अट मला महत्त्वाची वाटते, कारण दोन्ही युद्धे तिथे एकत्र येतात. कारण न्याय्य असले तरी मनात द्वेष शिरला, की माणूस बाहेरची लढाई जिंकून आतली हरतो.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. गिरगाव चौपाटीजवळ नाकाबंदीत सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे उभे होते. आपल्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे, आधी सैन्यात काम केलेले. हातात फक्त लाठी. समोर कसाबची रायफल. त्यांनी तिची नळी हातांनी धरली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि पकड सोडली नाही. म्हणून सहकारी वाचले आणि कसाब जिवंत सापडला. जिवंत सापडला म्हणून न्यायालय बसले, साक्षी झाल्या, कट उघड झाला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ते ख्रिस्ती नव्हते आणि त्यांना आपल्यात ओढण्याचा माझा हेतू नाही. पण पौलाने सांगितलेली ढाल कशी असते, ते त्या रात्री दिसले.

तो तरुण म्हणेल, "फादर, हे उदाहरण सोपे आहे. त्यांच्या हातात बंदूक नव्हती. माझ्या हातात असेल." बरोबर आहे. त्याच्यासाठी संत बेसिल यांचा चौथ्या शतकातील सल्ला सांगतो. युद्धात शत्रूला मारणाऱ्याला खुनी म्हणू नये, असे ते मानत. तरीही अशा सैनिकाने तीन वर्षे ख्रिस्तप्रसादापासून दूर राहणे बरे, असे त्यांनी सुचवले. आज तो नियम नाही, पण त्यातली जाण हवी: कर्तव्य म्हणून केलेले मारणेसुद्धा हलके नसते. ते हलके वाटू लागले, तर समजावे की आत काहीतरी मेले.

वैर कुठे थांबवायचे हे आपल्या मातीलाही ठाऊक आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला. त्याची कबर गडाच्या पायथ्याशी आहे, आणि शिवाजी महाराजांनीच त्याचा दफनविधी मानाने करवला असे परंपरा सांगते. शत्रू पडला, वैर संपले. पण साडेतीनशे वर्षांनी, २००९ च्या गणेशोत्सवात, त्याच प्रसंगाचे चित्र असलेल्या कमानीवरून मिरजेत दंगल झाली आणि संचारबंदी लावावी लागली. कोणाचे चुकले हे ठरवायला मी लिहीत नाही. जे वैर रणांगणावर संपले होते ते शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पुन्हा कसे जागे झाले, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. आपणही त्यातून सुटलेलो नाही. शेजारच्या घराला सैतानाचे घर म्हणणारी प्रार्थना हीदेखील उपसलेली तलवारच असते.

त्या तरुणाला मी पुन्हा भेटलो. म्हणालो, "जा. पण दोन गोष्टी घेऊन जा. शरण आलेला, जखमी झालेला माणूस शत्रू राहत नाही. आणि तिथून जे ओझे घेऊन येशील ते पापनिवेदनात उतरव. 'कर्तव्य होते' म्हणून गिळू नकोस."

मावशींच्या घरीही गेलो. आधी माझी चूक कबूल केली. "मावशी, कोणाविरुद्ध प्रार्थना करतो असे मी म्हणायला नको होते. लिंबाला भिऊ नका, ते लिंबूच आहे. आजपासून रोज एक जपमाळ त्या घरासाठी म्हणा, प्रत्येकाचे नाव घेऊन." मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, ते मला जमायचं नाही."

मी म्हणालो, "मावशी, मग खरी लढाई आता सुरू झाली."

या आठवड्यात आपणही एक नाव निवडू या, जे घेताना जीभ अडखळते. ते नाव घेऊन प्रभूपुढे बसू या. गेथसेमनीत जागा राहिलेला प्रभू आपल्याला जागे ठेवो.

आपला,
धर्मगुरू