मूठ किती वाजता वळते?

बीड जिल्ह्यातली बाई डॉक्टरपुढे बसते तेव्हा 'सांधे' हा शब्द तिच्या तोंडून क्वचितच येतो. 'हातपाय धरलेत', 'बोटं आखडलीत', 'समदं अंग ठणकतंय', 'सकाळी उठूच वाटंना' असं ती सांगते. केसपेपरवर याचं होतं 'अंगदुखी, अशक्तपणा'. मग एक इंजेक्शन, कॅल्शियमच्या गोळ्या, जमलंच तर सलाईन, आणि उठताउठता सल्ला: काम जरा कमी करा. मुकादमाची उचल अंगावर घेऊन ऊसतोडीला निघालेल्या बाईला हा सल्ला देणारा माणूस विनोदी तरी असावा, नाहीतर त्यानं तिच्याकडे मान वर करून पाहिलेलं नसावं.

तीच बाई दुसरी तक्रार घेऊन आली तर? अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय, पाळी फार जाते. इथं उत्तर अगदी तत्पर मिळायचं. पिशवी खराब झालीय, काढून टाका, ठेवली तर कॅन्सर होईल.

२०१९ च्या एप्रिलमध्ये या 'पिशवी'च्या बातम्या बीडमधून देशभर गेल्या. वंजारवाडीसारख्या गावांची नावं दिल्लीपर्यंत पोचली आणि राष्ट्रीय महिला आयोगानं राज्य सरकारला नोटीस धाडली. जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत आकडा दिला: तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. या सगळ्याच बायका ऊसतोड मजूर नव्हत्या, हेही तेव्हा सांगण्यात आलं. मग आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या बायकांमध्ये हेच प्रमाण देशभरात तीन टक्क्यांच्या आसपास होतं.

समितीच्या अहवालातला पुढचा आकडा बातम्यांत तितका गाजला नाही. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६,३१४ जणींनी नंतरही त्रास होत असल्याचं सांगितलं. झोप लागत नाही, डोकं दुखतं, पाठ दुखते, सांधे दुखतात.

सांधे दुखतात. दुखणं फिरून पहिल्याच टेबलावर आलं. आणि तिथलं उत्तर ठरलेलं आहे: अंगदुखी, अशक्तपणा.

गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम ऐन तिशीत एकदम अंगावर येतात. हाडांची झीज वाढते, सांधे कुरकुरायला लागतात. हे वैद्यकशास्त्राला चांगलं माहीत आहे. त्याहून कमी बोललं जातं ते असं, की पंचेचाळिशीच्या आत पाळी गेलेल्या बायकांमध्ये पुढे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा सांधे वाकवणारा आजार होण्याचं प्रमाण जास्त आढळल्याचं स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या एका मोठ्या पाहणीत २०१२ साली नोंदवलं गेलं. संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे. पण पिशवी काढलेल्या बाईची बोटं सुजली असतील तर ती चार प्रश्न जास्त विचारून तपासावीत, एवढं म्हणायला तो पुरेसा आहे.

बीडमध्ये बायकांवर फार उपचार झाले अशी एक तक्रार, आणि बायकांच्या दुखण्याकडे डॉक्टर लक्षच देत नाहीत अशी दुसरी. वरवर पाहता या उलट्या दिशांच्या तक्रारी वाटतात. नीट पाहिलं तर दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे: बाईचं बोलणं अर्ध्यावर तोडण्यात. एका टेबलावर ते 'कामामुळं होतंय' म्हणून तोडलं जातं, दुसऱ्यावर 'काढून टाका' म्हणून. पांढरं का जातं, फडावर पाणी किती असतं, संडास कुठं असतो, पाळीत कापड कुठं धुते आणि कुठं वाळवते, हे विचारलं असतं तर अनेकींचं दुखणं अँटिबायोटिकच्या एका कोर्सवर भागलं असतं. बोटं कोणती सुजतात, कधी सुजतात, हे विचारलं असतं तर दुसऱ्या काही जणींचे हात वाचले असते.

यात एक फरक मात्र आहे. २०१९ नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असं सांगितलं. कापणाऱ्या हाताला नियम घालता येतो. पण एखादीला कॅल्शियम देऊन वाटेला लावायला कुणाची परवानगी लागत नाही, त्याची नोंद होत नाही, विधान परिषदेत त्याचा आकडा मागता येत नाही.

डॉक्टरांची बाजूही खोटी नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीनं चाललेल्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा तो भाग होता आणि ग्रामीण महाराष्ट्राच्या सांध्यांबद्दल आज जे काही खात्रीनं बोललं जातं त्याचा मोठा हिस्सा तिथून येतो. भिगवणच्या सुमारे १८ टक्के प्रौढांना असं काही ना काही दुखणं होतं. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला. हिशेब करा: दुखतंय म्हणणाऱ्या छत्तीस जणांत एक. म्हणजे गावातल्या डॉक्टरनं प्रत्येकाला 'हा तसला आजार नाही' असं डोळे मिटून सांगितलं, तरी छत्तिसांत पस्तीस वेळा तो बरोबर ठरतो. इतक्या वेळा बरोबर ठरणाऱ्या माणसाला विचारायची सवय राहत नाही. त्यात २००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुनियाची साथ येऊन गेल्यापासून महिनोन्‌महिने सांधे धरण्याला आणखी एक हाताशी असलेलं कारण मिळालं.

भाषाही डॉक्टरच्या मदतीला येत नाही. झीज झालेला गुडघा, वाकलेली बोटं, आखडलेली मान, सगळ्याला आपण 'वात' म्हणतो. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी माधवकरानं 'माधवनिदाना'त या आजाराशी जुळणारा मानला जाणारा आमवात इतर वातविकारांपासून वेगळा काढून त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं होतं. आजच्या केसपेपरवर 'संधिवात' एवढं लिहून भागतं.

तो छत्तिसावा माणूस बहुधा बाईच असतो. पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट बायकांना हा आजार होतो आणि तो बहुतेक वेळा तीस ते पन्नास या वयात सुरू होतो, म्हणजे कोयता हातात असण्याच्या वयात. शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. सुरुवात बोटांच्या पेरांपासून, मनगटांपासून, पावलांच्या पुढच्या सांध्यांपासून होते, तीही बहुधा दोन्ही बाजूंना सारखी. काम केल्यावर दुखतं ते सगळ्यांचंच. इथं उलटं असतं. रात्रभर पडून राहिलं की सकाळी हात लाकडासारखे होतात आणि हालचाल सुरू झाल्यावर तासाभरानं, कधी दोन तासांनी सैल पडतात. पहाटे फडावर जायच्या आधी भाकरी थापायला बसलेल्या बाईला हे डॉक्टरच्या कितीतरी आधी कळलेलं असतं. तळवा परातीत टेकत नाही. पण 'भाकरी थापता येईना' ही तक्रार घरच्यांना आळसाची वाटते आणि दवाखान्यात ती सांगण्यासारखी आहे असं तिला स्वतःलाच वाटत नाही.

आणि मग ते इंजेक्शन येतं. एका दिवसात जादू करणारं. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं, आणि त्याची मूळ गोष्ट इथं सांगण्याजोगी आहे. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांना एका रुग्णानं सांगितलं की कावीळ झाल्यापासून आपले सांधे दुखायचे थांबलेत. हेंच यांनी ते उडवून लावलं नाही. गरोदरपणातही काही बायकांचे सांधे बरे होतात, हे त्यांनी पुढे टिपलं. शरीरातच काहीतरी आहे जे हा आजार दाबतं, या विचाराचा माग काढत १९४८ मध्ये त्यांनी २९ वर्षांच्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं. अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालायला लागली. १९५० चं नोबेल पारितोषिक हेंच यांना आणखी दोन शास्त्रज्ञांसोबत मिळालं. रुग्णाच्या एका विचित्र वाटणाऱ्या वाक्यातून निघालेलं हे औषध आज रुग्णाचं बोलणं लवकर आटपायच्या कामी येतं. (१९२९ चा तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता, फडावरून आलेल्या बाईनं तेच वाक्य म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते कुणी सांगावं.) तज्ज्ञही स्टेरॉइड वापरतात, पण थोड्या दिवसांसाठी, मुख्य औषध लागू पडेपर्यंत. मुख्य औषधच नसेल तर सूज झाकली जाते, दर पंधरवड्याला इंजेक्शन लागतं, चेहरा फुगतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. जोडीला मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेल्या वेदनाशामक गोळ्या असतात. उन्हात, अपुऱ्या पाण्यावर ऊस तोडणाऱ्या शरीरात त्या मूत्रपिंडावर काय करतात, हा आणखी एक लेख होईल.

या आजारात पहिले तीन ते सहा महिने सोन्याचे मानतात. तेवढ्यात योग्य औषध सुरू झालं तर सांधे वाकण्याआधी आजार आटोक्यात येण्याची शक्यता खूप वाढते. आता ऊसतोडीचं वेळापत्रक पाहावं. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, पाडव्याच्या मागेपुढे परततात. पाच-सहा महिने. दिवाळीत जिची बोटं सुजली ती तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ते महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कोपीत राहून, मोळ्या डोक्यावर वाहण्यात गेलेले असतात. मधे डॉक्टर गाठायचा तर खाडा पडतो. एका खाड्याचे ५०० रुपये कापले जात असल्याचं २०१९ च्या बातम्यांत आलं होतं. शिवाय कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिचा हात थांबला की त्याचाही हिशेब बिघडतो. फडावर जाण्याआधी आणि परतल्यावर महिलांची आरोग्य तपासणी व्हावी, हा विचार समितीच्या अहवालानंतर बीडमध्ये मूळ धरू लागला. त्या तपासणीत हिमोग्लोबिनच्या सोबत दोन हातही पाहिले जावेत, ही मागणी काही फार मोठी नाही. बोटांच्या मुळाशी असलेले सांधे आडवे दाबून पाहायला दहा सेकंद पुरतात. बाई कळवळली तर रक्त तपासायला पाठवायचं.

रक्ततपासणीचाही एक सापळा आहे. 'आरए फॅक्टर' निगेटिव्ह आला की फाईल मिटते. प्रत्यक्षात सुरुवातीच्या काळात बऱ्याच जणींचा तो निगेटिव्हच येतो, आणि काही जणींचा पुढेही तसाच राहतो. कागद काहीही म्हणो, सुजलेलं बोट सुजलेलंच असतं.

अशा वेळी बायकांनाच शिकवा, नीट सांगायला सांगा, असं सुचवलं जातं. त्यात तथ्य आहे. 'समदं अंग दुखतंय' याऐवजी 'सकाळी उठल्यावर दिस वर येईस्तोवर मूठ वळत नाही, दोन्ही हातांची, तीन महिने झाले' असं सांगितलं तर झोपेतल्या डॉक्टरचेही कान टवकारतील. आशाताईंना हे एक वाक्य शिकवायला वेळ लागणार नाही. पण जिला हातानं वेणी घालता येत नाही, तिनंच आपलं दुखणं डॉक्टरच्या भाषेत उतरवून आणावं, आणि आठ-दहा वर्षं शिकून बसलेल्यानं 'मूठ किती वाजता वळते?' एवढंही विचारू नये, ही वाटणी सरळ दिसत नाही. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ज्याचा अभिमान सांगितला जातो, ते अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय १९७४ पासून याच जिल्ह्यात आहे. तिथं बाहेरून शिकायला आलेल्या पोरानं 'धरलेत', 'आखडलेत' आणि 'ठणकतंय' यांतला फरक बाह्यरुग्ण विभागातल्या म्हातारीकडून शिकून घ्यायला काय हरकत आहे?

निदान झाल्यावरही ऐकणं संपत नाही. मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. जुनं, स्वस्त, आणि आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, आणि अशा चुका जगभर झालेल्या आहेत. गरोदरपणात ते चालत नाही, म्हणून दिवस गेलेत का, मूल हवंय का, हे आधी विचारावं लागतं. मग गोळीचा वार ठरवायचा. कॅलेंडर वाचता न येणाऱ्या बाईला सर्वांत सोपं पडतं ते 'बाजाराच्या दिवशी एक' असं सांगणं. तिच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, हे तिलाच विचारावं लागतं. आणि दिवाळीनंतर ती कोणत्या फडावर जाणार, तिथला बाजार कधी असतो, हेही. कारण तिकडे वार बदलतो.