खडूने आखलेली बैठक

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावच्या एका निवृत्त मास्तरांनी जुने कवेलूचे घर उतरवून स्लॅबचे बांधले. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने समोरच्या बैठकीसाठी वेगळे पैसे पाठवले आणि नागपूरहून सजावटवाला बोलावला. त्याने महिनाभरात खोली नटवून दिली. छताला पीओपी, टीव्हीमागच्या भिंतीला लाकडासारखा दिसणारा गडद तपकिरी सनमायका, त्यावर काळ्या आडव्या पट्ट्या, खाली चकचकीत फरशी, खिडकीला जाड मखमली पडदे आणि मधोमध सात जणांचा सोफा. वास्तूला आलेल्या पाहुण्यांनी फोटो काढले. मास्तरांना धन्य वाटले.

मे लागला आणि ती खोली ओस पडली. चंद्रपूरकडचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या पुढे. मास्तर मागच्या सपरीत खाट टाकून बसू लागले. मास्तरीणबाई तिथेच चिंच फोडत. आलेगेलेही समोरचे दार सोडून सांदवाडीतून आत येत. इतका पैसा ओतून बैठकीत कोणी टेकत नाही, हे मास्तरांच्या जिवाला लागले होते.

एक दिवस गावातला म्हातारा वाढई, म्हणजे सुतार, दाराची कडी बसवायला आला. मास्तरांनी त्याला विचारले, "या खोलीत अजून काय आणलं म्हणजे बरी वाटेल?"

वाढईने खोलीभर नजर फिरवली. "मास्तर, खडू आहे का जी घरात?"

मास्तरांच्या घरात खडूला काय तोटा!

"उद्या पडदे सारून दिवसभर इथं बसा. खिडकीतून ऊन आत आलं की कुठवर आलं, तिथं दर तासाला खूण करा. माणूस दारातून आला की कुठून कुठं चालते, ती रेघ ओढा. अन् कोनी बसलं, तर कुठं बसलं तेही."

मास्तरांनी आयुष्यभर मुलांकडून वह्या नीट भरून घेतल्या होत्या, त्यांनी हे कामही तसेच केले. संध्याकाळी वाढई आला तेव्हा फरशी खडूने भरली होती. तीन वाजता पश्चिमेच्या खिडकीखाली सुरू झालेले ऊन सरकत सरकत सोफ्यावर चढले होते आणि साडेपाचला समोरच्या सनमायकावर जाऊन तिथून डोळ्यांवर येत होते. दारातून सयपाकघराकडे जाणारी चालण्याची रेघ खोलीच्या मधून तिरपी निघाली, ती सोफ्याला अडून त्याला वळसा घालून गेली होती. पूर्वेच्या खिडकीसमोर काचेचे शोकेस उभे, म्हणून सकाळच्या कोवळ्या उजेडाची खूण कुठेच नव्हती. बसल्याच्या खुणा तेवढ्या दोन, दोन्ही उंबरठ्यापाशी. तिथे वारा लागत होता.

"हे तुमचं घर तुमाले सांगून राहिलं," वाढई म्हणाला. "आधी माणसं कुठं चालते, कुठं बसते, उजेड कुठून येते, ते बघावं. वस्तू त्याच्यामागून आणावी."

रेषा, आकार, जागा, उजेड, रंग, पोत, नक्षी हे घरसजावटीचे मूळ घटक समजावणारी पुस्तके पुष्कळ आहेत आणि ती वाचावीत. पण बाजारात त्यांचा क्रम उलटा होतो. रंग आणि नक्षी आधी विकली जाते, कारण जागा आणि उजेड यांचे दुकान निघत नाही. मास्तरांच्या खोलीतही तेच झाले होते. शिवाय सागवानाच्या जिल्ह्यात भिंतीवर लाकडाचे चित्र चिकटवलेले होते. जिथल्या बल्लारपुराहून 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेले, तिथे हे व्हावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले, आणि बरेचसे काम काढण्याचेच होते. शोकेस आतल्या खोलीत गेले. सोफ्याचे भाग सुटे होत होते. त्यातले तीन भिंतीला लागले, बाकीचे माडीवर. पीओपी उतरवायला मास्तर तयार नव्हते. "राहू द्या," वाढई म्हणाला, "पण त्या आडव्या पट्ट्या काढा. त्या छत खाली ओढते." पट्ट्या निघाल्या, सनमायका निघाला, भिंतीला पांढऱ्यातला किंचित पिवळसर रंग लागला, आणि दिवसा लावावा लागणारा दिवा बंद झाला.

जुन्या घराच्या सागवानी मयाली, म्हणजे तुळया, सांदवाडीत पडून होत्या. वाढईने त्यातल्या दोन चिरून बुटकी, लांब बैठक केली, जमिनीपासून जेमतेम फूटभर. बसणारा खाली आला की वरचे छत तेवढेच दूर जाते. रंधा मारताना त्याने एक ठिकाण मुद्दाम सोडले. तिथे लाकडात गाठ होती, तिच्याभोवती रेषा वळून पुन्हा सरळ गेल्या होत्या. मास्तरीणबाई त्या गाठीवरून बोट फिरवत राहिल्या. "हे आपल्या मधल्या दारावरचं मयाल," त्या म्हणाल्या.

पश्चिमेची खिडकी हा खरा प्रश्न होता. दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, त्याला सज्जा पुरतो. उतरता सूर्य सज्ज्याखालून सरळ आत शिरतो. वाढईने बुरडाकडून बांबूचा तट्टा विणून आणला आणि तो खिडकीच्या बाहेरून टांगला. ऊन काचेच्या आत आले की ऊब खोलीतच राहते, मग मखमल कितीही जाड असो. तट्ट्याने ते बाहेरच अडले, आणि विणीतून वारा आला.

आतल्या पडद्याला खादी घेतली. खादीचे काम सावलीत जुने आहे. 1936 च्या फेब्रुवारीअखेर गांधी सेवा संघाचे अधिवेशन याच गावात भरले आणि गांधीजी त्यासाठी इथे आले. हातसुताचा धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो, त्यामुळे त्यातून येणारा उजेड डोळ्यांना टोचत नाही.

आता सगळी भिंत पांढरी पाहून मास्तरांना ती सुनी वाटू लागली. एखादा वॉलपेपर लावावा का, असे त्यांनी विचारले. तेव्हा वाढईने सेवाग्रामची गोष्ट काढली. सावलीच्या अधिवेशनानंतर दोनच महिन्यांनी, 30 एप्रिल 1936 ला, गांधीजी वर्ध्याजवळच्या त्या गावात राहायला गेले. तिथल्या बापूकुटीच्या भिंती मातीच्या, छप्पर कवेलूचे. गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी त्या भिंतीवर मातीनेच ताडाची झाडे आणि चरखा उठवला आहे. "मी जाऊन पाहिलं जी. रंग नाही, काही नाही. बाकीची भिंत साधी आहे, म्हणून तेवढं दिसते. सगळीकडं नक्षी केली, त मानसानं पाहावं कुठं?"

मास्तरीणबाईंनी पूर्वेच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर हातभर जागेत धानाची एक लोंबी काढली. सकाळचा उजेड आडवा येतो, त्यात ती उठून दिसते. वॉलपेपरचा विषय पुन्हा निघाला नाही.

जूनमध्ये शेजारच्या सूनबाई ही खोली बघायला आल्या. त्यांच्याही घराचे काम चालले होते. बुटक्या बैठकीवर बसून त्यांनी वाढईला विचारले, "बाबाजी, आमच्या हॉलले कोणता रंग देऊ?"

"खिडकी कोणत्या बाजूनं आहे, बाई?"

"ते काही पाहिलं नाही."

"मग रंगाचा डबा उघडू नका अजून," वाढई म्हणाला, आणि मास्तरांकडून एक खडू मागून त्याने तो त्यांच्या हातात दिला.