अपयशाचीं नांवें

(वाचन : हबक्कूक ३:१७-१९, लूक २२:३१-३४)



हातची ज्वारी गेली, मुलगा नापास झाला, सावकाराचें व्याज फिटलें नाहीं, उपदेशकानें तीन वर्षें शिकवूनही गांवांतील एक घर प्रभूकडे वळलें नाहीं, विश्वासणारा मनुष्य मोहांत पडला. ह्या सर्वांस आम्ही एकच नांव देतों, तें अपयश. नांव एक झालें म्हणजे दोषही एकच वाटूं लागतो. मग ज्याला धीर द्यावयाचा त्याला आम्ही बोल लावितों, आणि ज्यानें पश्चात्ताप करावा त्याची समजूत घालीत बसतों.

ह्या घोटाळ्यांतून मी स्वतः सुटलों नाहीं. पाळकपणाच्या माझ्या पहिल्या वर्षांत एका खेड्यांत नव्यानें विश्वासांत आलेलें एक कुटुंब होतें. त्या सालीं पाऊस आला नाहीं. बाजरी जागच्या जागीं करपली आणि पोळ्याच्या सुमारास जोडीतला एक बैल मेला. गांवकरी म्हणाले, कुळदैवत सोडलें त्याचें हें फळ. मीं त्या घरीं बसून म्हटलें, "बाबा, तुमचा विश्वास कोठें तरी उणा पडला असेल, शोध करा." शब्द माझे, पण अर्थ गांवकऱ्यांचाच! म्हातारा कांहीं बोलला नाहीं. त्याची बायको मात्र म्हणाली, "पाळकसाहेब, शेजाऱ्यांचीही बाजरी करपली. त्यांनीं तर कुळदैवत सोडलेलें नाहीं. त्यांचें काय उणें पडलें?"

मला उत्तर सुचलें नाहीं. घरीं येऊन मीं शास्त्र उघडलें.

हबक्कूक भविष्यवादी एकेक तोटा मोजतो. अंजिरास फूल नाहीं, वेलीस फळ नाहीं, शेतांत अन्न नाहीं, वाड्यांत मेंढरूं नाहीं, गोठ्यांत गुरें नाहींत. जैतुनाच्या पिकाविषयीं मात्र तो जें इब्री क्रियापद योजितो, त्याचा मूळ अर्थ खोटें बोलणें किंवा नाकबूल करणें असा आहे. सारा हंसली आणि मग नाहीं म्हणाली, तेथेंही तेंच क्रियापद आहे (उत्पत्ति १८:१५). आपला शेतकरी 'पावसानें दगा दिला' म्हणतो, अगदीं तसेंच हें. दगा पिकानें दिला, पेरणाऱ्यानें नव्हे. आणि ह्या मोजणीनंतर भविष्यवादी स्वतःचें पाप शोधीत बसत नाहीं, तो परमेश्वराच्या ठायीं आनंद करितो. शास्त्रांत दुष्काळ शिक्षा म्हणूनही आलेला आहे हें मी जाणतों. पण तेथें देवानें तसें स्वतः कळविलें. न कळवितां तसें बोलणारे ईयोबाचे मित्र होते, आणि देवाचा कोप त्यांच्यावरच झाला.

आतां दुसरा शब्द पाहा. पाप करणें ह्यासाठीं जें नेहमींचें इब्री क्रियापद आहे, तेंच शास्त्ते २०:१६ येथें गोफणीविषयीं आलें आहे. बन्यामिनांतील ७०० डावरे पुरुष केसावर नेम धरूनही चुकत नसत. नवा करार लिहिणाऱ्यांचा ग्रीक शब्दही मूळचा नेम चुकण्याचाच. आमची मराठी येथें फार जवळ आहे. नेम चुकतो, वाट चुकते, आणि अपराधासही आपण चूकच म्हणतों. ह्या अपयशांत पावसाचा वांटा नाहीं. गोफण माझ्या हातांत होती. जो मनुष्य बाजाराच्या दिवशीं मजुरी दारूच्या दुकानांत ठेवून येतो आणि घरीं सांगतो, "काय करावें, आम्हांला यशच नाहीं," तो चुकीवर तोट्याचें कांबळें पांघरीत आहे. त्याला कोणीं हबक्कूक वाचून दाखवूं नये.

उणें पडणें हेंही निराळें. कानाच्या लग्नांत द्राक्षारस उणा पडला, उधळ्या पुत्रास परदेशांत उणें पडूं लागलें, आणि आपण सर्व देवाच्या गौरवास उणे पडलों. तिन्ही ठिकाणीं ग्रीक क्रियापद एकच. कानाच्या यजमानास कोणीं दोष दिला नाहीं, प्रभूस जाऊन सांगितलें एवढेंच.

परीक्षेंत नापास झालेल्या मुलास तर पुढच्या वर्षीं पुनः बसवा. बापांनीं एवढा आकांत करूं नये!

खरी अडचण पडलेल्या बंधूची आहे. प्रभूनें पेत्राला सांगितलें कीं तुझा विश्वास सरूं नये म्हणून मीं विनंती केली आहे. येथील क्रियापदाचा अर्थ आटून जाणें, संपणें. ह्याच शब्दापासून ग्रीक लोकांनीं सूर्यग्रहणाचें नांव केलें. त्याच रात्रीं पेत्रानें तीन वेळां नाकारिलें. ती चूकच होती, मोठी होती, तिला दुसरें नांव देतां येत नाहीं. पण विश्वास सरला नाहीं. नाहीं तर बाहेर जाऊन तो रडला कशास? एखादा बंधू पडला कीं आम्ही चुकणें आणि सरणें एकच धरून मंडळीच्या वहींत त्याच्या नांवावर रेघ ओढितों. मग त्याच्या दाराशीं कोणी जात नाहीं.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या तिमाही अहवालांत 'निष्फळ' हा शब्द मी फार वेळां वाचितों. तो झाडाचा शब्द आहे. लूक १३ मधील अंजिरास तीन वर्षें फळ नव्हतें. माळ्यानें आणखी एक वर्ष मागून घेतलें, आणि नुसतें मागितलें नाहीं, भोंवतीं खणून खत घालण्याचें पत्करलें. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ सालीं मुंबईस आले. तेरा वर्षें त्यांनीं मराठींत उपदेश केला, शास्त्राचें भाषांतर केलें, पण बाप्तिस्मे फारच थोडे झाले. १८२६ च्या मार्चांत नाशिकाहून परततांना वाटेंत पटकीनें त्यांचा अंत झाला. अहमदनगरचें काम त्यांच्या मिशननें १८३१ सालीं सुरू केलें. तें त्यांनीं पाहिलें नाहीं.

त्या म्हाताऱ्याकडे मी पुढच्या आठवड्यांत पुनः गेलों आणि त्याच्या बायकोच्या देखत क्षमा मागितली. तो थोडा वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तें असूं द्या, पाळकसाहेब. रब्बीच्या बियाण्याचें कसें करावें तें बोला." मंडळीच्या धान्यकोठींतून दोन पायली हरभरा त्याला दिला, आणि शेजाऱ्यानें आपला बैल पेरणीपुरता दिला. हा शेजारी कुळदैवत न सोडलेला.