निपचित ससा

माझ्याकडे दोन वर्षांपासून एक ससा आहे, कापश्या. नखं कापताना मी त्याला मांडीवर उताणा झोपवायचो. क्षणात तो निपचित पडायचा. वाटायचं, किती विश्वास आहे याचा माझ्यावर! व्हिडिओही काढला होता.

मग प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा विश्वास नाही, भीती आहे. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेला ससा शेवटचा उपाय म्हणून असा गोठतो. दुखलंखुपलं तरी तो लपवतो, कारण दुबळा दिसला की संपला.

लॉगमध्ये एरर नाही म्हणजे सिस्टीम ठीक आहे असं नसतं. कदाचित लॉगिंगच बंद असेल. ऑफिसात हे मी ज्युनिअर्सना सांगतो. घरी मात्र गप्प बसण्याला होकार समजत होतो.

आता पिंजऱ्याचं दार उघडं असतं. तळाच्या जाळीने तळपायांना जखमा होतात, म्हणून तिच्यावर चटई टाकलीय. केस गळायच्या दिवसांत रोज ब्रश करतो, कारण अंग चाटताना केस पोटात जातात आणि सशाला उलटी करता येत नाही. पण तो जमिनीवर चारी पायांवर असतानाच. नको असेल तर उठून जातो. नखं कापायला चार दिवस लागतात, रोज एक पाय.

तरी मूळ प्रश्न उरतोच: इथे राहायचंय का, हे त्याला कुणी विचारलं होतं? उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच ठरवलंय, ज्याला 'नाही' म्हणायला वाट ठेवलेली नाही, त्याचं 'हो' मोजायचं नाही.

काल तो ब्रश अर्धवट सोडून गेला आणि पाच मिनिटांनी परत आला. मला भरून आलं. मग लक्षात आलं, माझ्या हातात कोथिंबीर होती.